दयाकृत्ये आणि संकोच : दैनंदिन ख्रिस्ती जीवनाविषयी एक विवेचन



दया करावी, हे ख्रिस्ती माणसाला पटवून द्यावे लागत नाही. धर्मशिक्षणाच्या पहिल्या इयत्तेपासून आपण ते शिकत आलेलो असतो. तरीही प्रत्यक्ष प्रसंग समोर उभा राहिला की पाऊल अडखळते. शेजारच्या घरी मृत्यू होतो. भेटायला जावे असे मनापासून वाटते, पण काय बोलावे हे सुचत नाही म्हणून जाणे लांबते. पुढे इतके दिवस लोटतात की आता कोणत्या तोंडाने जावे असा प्रश्न पडतो. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात नव्याने राहायला आलेले एक कुटुंब एका कडेला उभे असते. सर्वांना ते दिसते, परंतु ओळख नसल्याने कोणीच पुढे होत नाही. फलाटावर कोणी चक्कर येऊन बसलेले असते आणि गर्दी त्याला वळसा घालून निघून जाते.

अशा प्रसंगी आपल्या मनात द्वेष नसतो की दुष्टावा नसतो. असतो तो केवळ संकोच. परंतु ज्याला मदत हवी होती त्याच्या दृष्टीने परिणाम एकच होतो, तो एकटा राहतो. म्हणूनच हा विषय लहान नाही. या संकोचाचे स्वरूप काय, पवित्र शास्त्र व ख्रिस्तसभेची परंपरा त्याविषयी काय सांगते, आधुनिक अभ्यासातून काय दिसून आले आहे आणि त्यावर मात कशी करावी, याचा विचार आम्ही येथे क्रमाने करीत आहोत.

संकोच म्हणजे काय?

संकोच या शब्दाचा मूळ अर्थ आकसणे, आखडणे असा आहे. हात पुढे करण्याऐवजी आवरून घेणे हा त्याचा व्यवहारातला आविष्कार होय. भीड, लाज, बुजरेपणा ही त्याचीच भावंडे. भीड भिकेची बहीण, असे आपली म्हण सांगते. आपल्या हक्काची गोष्ट मागताना भीड धरली तर आपले नुकसान होते, हा तिचा रोख आहे. दयेच्या बाबतीत मात्र भीड आपण धरतो आणि नुकसान दुसऱ्याचे होते.

प्रत्येक संकोच दोषास्पद असतो असे नव्हे. दुसऱ्याच्या खाजगी जीवनात न डोकावणे, उपकाराचे प्रदर्शन न करणे, बोलण्यापूर्वी विचार करणे ही विनयाची लक्षणे आहेत. परंतु जे करणे आपल्याला सहज शक्य आहे आणि जे करणे योग्य आहे हे आपल्याला कळते, तेच केवळ धास्तीपोटी टाळणे ही वेगळी गोष्ट होय. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिया’ या ग्रंथात या दोषाला स्वतंत्र स्थान दिले आहे. त्याचे लॅटिन नाव ‘पुसिलानिमितास’, म्हणजे मनाचा खुजेपणा. आपल्या कुवतीत असलेल्या कार्यापासून जो माघार घेतो, तो या दोषाचा धनी होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. उदाहरण म्हणून त्यांनी शुभवर्तमानातील त्या सेवकाकडे बोट दाखवले आहे, ज्याने धन्याचे द्रव्य भीतीपोटी जमिनीत पुरून ठेवले (मत्तय २५:१४-३०). त्या सेवकाने चोरी केली नव्हती, उधळपट्टीही केली नव्हती. तो घाबरला आणि त्याने काहीच केले नाही, एवढाच त्याचा अपराध होता.

पवित्र शास्त्रातील आधार

दयेचा विषय निघाला की दयाळू शमरोनी माणसाचा दाखला (लूक १०:२५-३७) आठवतो. यरुशलेमहून यरीहोकडे जाणारी ती वाट सुमारे सत्तावीस किलोमीटरची असून तेवढ्या अंतरात ती जवळजवळ एक हजार मीटर खाली उतरते. निर्जन, वळणावळणाचा आणि लुटारूंच्या सोयीचा असा तो मार्ग होता. याजक व लेवी यांनी त्या जखमी माणसाला पाहिले आणि ते दुसऱ्या बाजूने निघून गेले. त्यांच्या मनात काय आले हे प्रभू येशू सांगत नाही. कदाचित लुटारू अजून जवळपास असतील अशी भीती असेल, कदाचित प्रेताच्या स्पर्शाने विटाळ होईल ही चिंता असेल. कारण काहीही असो, दोघेही निघून गेले, एवढेच शुभवर्तमान नोंदवते. शमरोनी माणसाने तेल, द्राक्षारस, आपले जनावर आणि दोन दीनार खर्ची घातले. एक दीनार म्हणजे त्या काळातील मजुराची एका दिवसाची मजुरी. त्याने आपली सारी मालमत्ता वाहिली नाही. आपल्याजवळ जे होते ते त्याने वेळेवर वापरले.

संकोचावर मात करण्याचे याहूनही बोलके उदाहरण प्रभूच्या दफनविधीच्या वृत्तांतात आढळते. अरिमथाईकर योसेफ हा यहुदी न्यायसभेचा सभासद होता आणि लोकांच्या भीतीने त्याने आपले शिष्यत्व लपवून ठेवले होते, असे संत योहान सांगतो (१९:३८). निकदेमही पूर्वी रात्रीच्या अंधारातच प्रभूकडे आला होता. परंतु बहुतेक शिष्य पांगले असताना हेच दोन भिडस्त गृहस्थ पुढे आले. योसेफाने धैर्य करून पिलाताकडे प्रभूचा देह मागितला, असे संत मार्क मुद्दाम नमूद करतो (१५:४३). निकदेमाने शंभर रत्तल, म्हणजे आजच्या मापाने तीस किलोहून अधिक, सुगंधी द्रव्ये आणली. ज्यांना प्रभूच्या बाजूने जाहीरपणे बोलणे जमले नव्हते, त्यांना एक दयाकृत्य करणे जमले. बुजऱ्या माणसाला यापेक्षा मोठा दिलासा कोणता असेल?

तिसरे उदाहरण दमास्कस येथील हनन्याचे (प्रेषितांची कृत्ये ९:१०-१९). शौलाकडे जाण्याची आज्ञा होताच त्याने आपली शंका प्रभूपुढे स्पष्टपणे मांडली, कारण या माणसाने ख्रिस्ती लोकांना किती छळले आहे हे त्याला ठाऊक होते. प्रभूने त्याला त्या शंकेबद्दल दोष दिला नाही, फक्त जाण्यास सांगितले. हनन्या गेला, त्याने आंधळ्या झालेल्या शौलावर हात ठेवले आणि पहिलाच शब्द उच्चारला तो ‘भाऊ’. त्या एका शब्दाने ज्याचे स्वागत झाले, तोच पुढे संत पौल म्हणून जगाला परिचित झाला.

येथे अंतिम न्यायाच्या वर्णनाचीही (मत्तय २५:३१-४६) आठवण ठेवली पाहिजे. डाव्या बाजूला उभ्या केलेल्यांवर खून, चोरी वा व्यभिचाराचा आरोप नाही. त्यांनी अन्न दिले नाही, पाणी दिले नाही, भेट दिली नाही, एवढाच ठपका आहे. संत याकोबही आपल्या पत्रात (४:१७) बजावतो की चांगले काय ते कळत असूनही न करणे हे पाप आहे. मिस्साच्या आरंभी पापांगीकार करताना आपण विचार, शब्द आणि कृती यांच्या बरोबरीने कर्तव्यातील कसुरीचीही कबुली देतो. ही कसूर पुष्कळदा संकोचाच्या वेशातच आपल्याकडे येते.

ख्रिस्तसभेची परंपरा

ख्रिस्तसभेने सात शारीरिक व सात आध्यात्मिक दयाकृत्यांची परंपरा जपली आहे. भुकेल्यांना अन्न, तान्हेल्यांना पाणी, उघड्यांना वस्त्र, परक्यांना आसरा, आजाऱ्यांची व बंदिवानांची भेट ही सहा शारीरिक दयाकृत्ये मत्तयलिखित शुभवर्तमानावर आधारलेली आहेत. मृतांना मूठमाती देणे हे सातवे कृत्य तोबितच्या ग्रंथातून आले. दुःखितांचे सांत्वन करणे, संशयग्रस्तांना सल्ला देणे, अपराधांची क्षमा करणे, त्रासदायक माणसांना धीराने सोसणे ही आध्यात्मिक दयाकृत्यांपैकी काही होत. यांतील बहुतेक कृत्यांना पैसा लागत नाही. लागतो तो वेळ, आणि संकोच ओलांडण्याचे थोडे धैर्य.

संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (५:२२) पवित्र आत्म्याच्या फळांमध्ये ममतेचा समावेश केला आहे. तेथील मूळ ग्रीक शब्द ‘ख्रेस्तोतेस’ असा आहे. ‘ख्रेस्तोस’ म्हणजे ममताळू आणि ‘ख्रिस्तोस’ म्हणजे अभिषिक्त. हे दोन शब्द उच्चाराने इतके जवळचे होते की रोमन साम्राज्यातील अनेकजण ‘ख्रिस्ती’ऐवजी ‘ख्रेस्ती’ म्हणत. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तेर्तुलियन याने या चुकीची गंमत अशी दाखवली आहे की तुम्ही आमचे नाव चुकीचे उच्चारता तेव्हाही त्यातून गोडवा आणि ममता हाच अर्थ निघतो. पोप फ्रान्सिस यांनी ३ ऑक्टोबर २०२० रोजी असिसी येथे स्वाक्षरी केलेल्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रकात शमरोनी माणसाच्या दाखल्याला एक संपूर्ण प्रकरण दिले आणि पुढे याच ग्रीक शब्दाचा आधार घेऊन रोजच्या ममताळू वागणुकीवर स्वतंत्र परिच्छेद लिहिले.

संत थॉमस अक्वायनस यांनी तर मनमिळाऊ वागणुकीला न्याय या सद्गुणाच्या परिवारात बसवले आहे. याचा अर्थ असा की हसून बोलणे, विचारपूस करणे, दखल घेणे हे उपकार नसून एकमेकांचे देणे आहे. हे ध्यानात आले की आपण कोणी मोठे दाते आहोत हा आविर्भाव गळतो आणि त्याबरोबर निम्मा संकोचही गळून पडतो.

संतांनाही या अडथळ्यातून जावे लागले. असिसीकर संत फ्रान्सिस यांनी १२२६ साली, आपल्या आयुष्याच्या अखेरीस सांगून लिहवलेल्या मृत्युपत्रात कबूल केले आहे की कुष्ठरोग्यांकडे पाहणेही त्यांना पूर्वी अतिशय कडू वाटे. प्रभूने त्यांना त्या रोग्यांमध्ये नेले आणि त्यांनी त्यांच्यावर दया केली, तेव्हा तोच कडूपणा गोड झाला. येथे क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी गोडी वाटली आणि मग ते गेले असे झाले नाही, आधी गेले आणि मग गोडी आली.

लिझ्यूची संत तेरेजा (१८७३-१८९७) हिच्या आत्मचरित्रातही असाच प्रसंग आहे. मठातील एका आजारी, चिडखोर वृद्ध भगिनीला रोज संध्याकाळी भोजनगृहापर्यंत नेण्याचे काम होते. तिला खूश करणे कठीण आहे हे माहीत असल्यामुळे तेरेजाला पुढे होणे जड गेले, तरी ती पुढे झाली. काही दिवसांनी तिच्या लक्षात आले की या भगिनीला पाव कापताना त्रास होतो. तेव्हापासून पाव कापून दिल्याशिवाय ती तेथून हलत नसे. कोणी न सांगता केलेल्या या लहानशा सेवेने त्या वृद्धेचे मन जिंकले. १९ ऑक्टोबर १९९७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी तेरेजाला ख्रिस्तसभेच्या धर्मपंडितांमध्ये स्थान दिले, ते तिच्या याच ‘लहान मार्गा’च्या शिकवणुकीमुळे.

आधुनिक अभ्यास काय सांगतो?

मानसशास्त्रज्ञांनी या विषयाचा प्रयोगांद्वारे अभ्यास केला आहे. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. अडतीस जणांनी तो पाहूनही मदत केली नाही, असे वृत्त त्या वेळी गाजले. ते अतिरंजित होते हे पुढे उघड झाले. परंतु त्यातून प्रेरणा घेऊन जॉन डार्ली व बिब लातने यांनी १९६८ साली जो प्रयोग प्रसिद्ध केला त्याचे महत्त्व टिकून आहे. ध्वनियंत्रणेवरून एका सहाध्यायाला झटका आल्याचे ऐकू येई. आपण एकटेच हे ऐकत आहोत असे ज्यांना वाटले, त्यांच्यापैकी ८५ टक्के मदतीस धावले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटले, त्यांच्यापैकी केवळ ३१ टक्के वेळीच उठले. गर्दीत जबाबदारी वाटली जाते आणि शेवटी ती कोणाच्याच वाट्याला येत नाही.

याच डार्ली यांनी डॅनियल बॅटसन यांच्यासमवेत १९७३ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आम्हा धर्मगुरूंना अंतर्मुख करणारा आहे. प्रिन्स्टन येथील ४० सेमिनरी विद्यार्थ्यांना छोटे भाषण देण्यासाठी दुसऱ्या इमारतीत पाठवण्यात आले. त्यांच्यापैकी निम्म्यांचा विषय दयाळू शमरोनी हाच होता. वाटेत दारापाशी एक माणूस खोकत, कण्हत पडलेला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. उशीर झाला आहे असे ज्यांना सांगण्यात आले होते त्यांच्यापैकी फक्त १० टक्के थांबले. भाषणाचा विषय शमरोनी असल्याने काही लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे दाखला पाठ असणे पुरेसे नाही, थांबण्यासाठी दिवसात थोडी सवडही राखून ठेवावी लागते.

अमित कुमार व निकोलस एप्ली यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून वेगळीच बाजू पुढे आली. लहानसहान दयाकृत्य करणारा माणूस त्याच्या परिणामाचा अंदाज फार कमी बांधतो. आपण किती किमतीची वस्तू दिली याकडे देणाऱ्याचे लक्ष असते, तर घेणाऱ्याला भावते ती त्यामागची ऊब. याच दोघांच्या २०१८ च्या अभ्यासात असेही आढळले की आभाराचे पत्र लिहिणाऱ्यांना ते पत्र वाचणाऱ्याला अवघडल्यासारखे होईल असे वाटत होते, प्रत्यक्षात वाचणाऱ्यांना अपेक्षेपेक्षा अधिक आनंद झाला. आपला संकोच बहुधा चुकीच्या अंदाजावर उभा असतो, हा या अभ्यासांचा मथितार्थ होय.

कायद्याचे संरक्षण

आपल्या देशात संकोचाला आणखी एक कारण होते, ते म्हणजे पोलीस चौकशी व न्यायालयाच्या फेऱ्यांची भीती. अपघातग्रस्ताला उचलले तर आपणच अडकू, असे सर्रास म्हटले जाते. याबाबतीत परिस्थिती बदलली आहे हे वाचकांनी जाणून घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे देशभर बंधनकारक केली. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ अन्वये मूळ कायद्यात कलम १३४-ए समाविष्ट झाले आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्याखालील नियम अधिसूचित झाले. त्यानुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी अथवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. साक्षीदार होण्याचा निर्णयही त्याच्या इच्छेवर अवलंबून असतो. कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात अशा व्यक्तीला ‘गुड समॅरिटन’, म्हणजे दयाळू शमरोनी, असेच म्हटले आहे. शुभवर्तमानातील एक दाखला भारतीय कायद्याच्या भाषेत येऊन बसला आहे, ही आनंदाची बाब होय. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि तातडीच्या कोणत्याही मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. ज्याला जखमीला हात लावण्याचे धैर्य होत नाही, त्याला निदान हा दूरध्वनी करता येतो.

काही नेहमीच्या शंका

पहिली शंका अशी की लोक याला दिखावा म्हणतील. डाव्या हाताला उजव्या हाताचे कळू नये, असे प्रभूनेच सांगितले नाही काय? सांगितले आहे (मत्तय ६:१-४). परंतु त्याच डोंगरावरील प्रवचनात आपली सत्कृत्ये लोकांनी पाहावी आणि स्वर्गीय पित्याचा गौरव करावा, असेही तो सांगतो (मत्तय ५:१६). या दोन्हींत विरोध नाही. प्रभूने निषेध केला आहे तो लोकांकडून वाहवा मिळवण्याच्या हेतूचा. हेतू शुद्ध ठेवावा आणि कृत्य करावे. हेतूच्या काळजीने कृत्यच सोडून देणे हा प्रभूच्या वचनाचा विपर्यास होय. मात्र मदत घेणाऱ्याचे छायाचित्र काढून ते सर्वत्र पाठवणे कटाक्षाने टाळावे, कारण त्यात त्याची अप्रतिष्ठा आहे.

दुसरी शंका, माझी मदत त्याला नको असेल तर? यावर सरळ उपाय म्हणजे विचारणे. बार्तीमय आंधळा आहे हे दिसत असूनही मी तुझ्यासाठी काय करावे, असे प्रभूने त्याला आधी विचारले (मार्क १०:५१). वृद्धाचा हात एकदम धरण्यापेक्षा हात देऊ का, असे विचारणे अधिक आदराचे ठरते. नकार मिळाला तर तो हसून स्वीकारावा. नकार हा आपला अपमान नव्हे.

तिसरी शंका, दुःखाच्या प्रसंगी मला बोलता येत नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसून राहिले (ईयोब २:१३). तोवर त्यांनी त्याचे खरे सांत्वन केले. बिघडले ते त्यांनी तोंड उघडल्यावर. शोकाकुल घरी जाताना शब्द सोबत न्यावे लागत नाहीत. तेथे जाऊन बसणे, पाणी भरून ठेवणे, एका वेळचे जेवण पोहोचवणे एवढे पुष्कळ होते.

येथे विवेकाचाही उल्लेख आवश्यक आहे. आपली सुरक्षितता धोक्यात घालण्याची, विशेषतः अनोळखी ठिकाणी एकट्या स्त्रीने धाडस करण्याची अपेक्षा दया करीत नाही. शमरोनी माणसानेही पुढील शुश्रूषा सरायमालकावर सोपवली. इतरांना हाक मारणे हेही दयाकृत्यच आहे.

आचरणासाठी काही सूचना

सद्गुण हा सवयीने दृढ होतो. त्या दृष्टीने आम्ही पुढील गोष्टी सुचवतो.

एक, लहान कृत्याने आरंभ करावा. प्रभूने पेलाभर थंड पाण्याचीही दखल घेतली आहे (मत्तय १०:४२). लोकलमध्ये थोडे सरकून चौथ्या माणसाला जागा देणे, इमारतीच्या पहारेकऱ्याला नावाने हाक मारणे, सामान पोहोचवायला आलेल्या मुलाला पाणी विचारणे, ही आजची दयाकृत्ये आहेत.

दोन, मनात आलेले चांगले पुढच्या काही क्षणांतच करावे. विलंबाबरोबर संकोच वाढत जातो.

तीन, गर्दीत कोणी तरी करील असे मनात आले की तो कोणी तरी म्हणजे आपणच, असे समजावे.

चार, परक्याकडे विशेष लक्ष द्यावे. दाखल्यातील मदत करणारा यहुदी लोकांच्या दृष्टीने परकाच होता. आपल्या गावात कामासाठी आलेला परप्रांतीय मजूर आजारी पडला तर त्याला दवाखान्याची वाट दाखवणारा कोणी नसतो.

पाच, मदत स्वीकारण्यासही शिकावे. प्रभूने शमरोनी स्त्रीकडे पाणी मागितले (योहान ४:७). घेणाऱ्याचा संकोच ज्याने अनुभवला आहे, त्याला देताना दुसऱ्याचे मन जपता येते.

सहा, रात्रीच्या प्रार्थनेत संत इग्नेशियस लोयोला यांनी शिकवलेल्या आत्मपरीक्षणाच्या पद्धतीने दिवसाकडे पाहावे. आज मी काय चुकीचे केले एवढेच न विचारता, कोणापुढे थांबलो आणि कोणाला ओलांडून गेलो, हेही विचारावे.

पवित्र मिस्सामध्ये आपण शेजारी उभ्या असलेल्या व्यक्तीला शांतिचिन्ह देतो. ती व्यक्ती ओळखीची असो वा नसो, आपण तिच्याकडे वळतो, हात जोडतो आणि प्रभूची शांती इच्छितो. त्या क्षणी कोणालाही संकोच वाटत नाही, कारण उपासनाविधीच आपल्याला तसे करण्यास सांगतो. तीच आज्ञा घेऊन आपण चर्चच्या दाराबाहेर पडतो. बाहेर कडेला उभ्या असलेल्या त्या नव्या कुटुंबापर्यंत जायला दहा पावलेही लागत नाहीत. येत्या रविवारी ती दहा पावले टाकण्याचे धैर्य पवित्र आत्मा आपणां सर्वांना देवो, हीच प्रार्थना.